काही मदत करू का?

फाइल नुसती उघडावी, वाचावी, हवी तर एखादी प्रत छापून घ्यावी आणि मिटायला जावं. एक स्वल्पविरामही आपण हलवलेला नसतो. तरी समोर चौकट येतेच : ‘बदल जतन करायचे का?’ आता कसले बदल? ‘होय’ म्हणावं, तर आपण न केलेलं काहीतरी कायमचं होऊन बसणार. ‘नाही’ म्हणावं, तर आपल्या हातून नकळत काही बरं झालं असेल तर तेही जाणार. ‘रद्द करा’ म्हणावं, तर फाइल पुन्हा समोर. जाणकार सांगतात की तारीख, पानांची संख्या असल्या काही गोष्टी छापताना आपोआप ताज्या होतात आणि तेवढ्यावरून फाइल ‘बदलली’ असं धरलं जातं. असेल. पण रात्री साडेअकराला हे आठवत नाही. मी मग सगळा मजकूर पहिल्यापासून वाचून काढतो. त्यात दोन चुका सापडतातच. त्या सुधारतो आणि ताठ मानेनं ‘होय’ म्हणतो.

लिहिण्याच्या या सॉफ्टवेअरचं नाव मी घेणार नाही. माझ्या आजीनं उखाण्यापुरतं सोडलं तर आजोबांचं नाव जन्मात घेतलं नाही, त्यातलाच प्रकार. ज्याच्याशी रोजचा संसार आहे त्याला चारचौघांत नावानं पुकारू नये. कळायचं त्यांना कळतंच.

आणि माझी तक्रार ते काम करत नाही अशी नाहीच. काम न करणाऱ्यांशी कसं वागायचं याचा आपल्याला दांडगा सराव आहे. तक्रार उलट आहे. ते फार करतं. न सांगितलेलं करतं. आपण वाक्य अर्ध्यावर सोडून विचार करत बसलो, की त्याला वाटतं ह्याला काही सुचत नाही, आपणच हात लावावा.

आमच्या गृहनिर्माण संस्थेच्या सभांची इतिवृत्तं लिहिण्याचं काम माझ्याकडे आहे. ‘तुम्ही लिहिता ना, मग तुम्हीच’ या न्यायानं ते आलं. दिवाळी अंकात लेख लिहिणं आणि गळक्या टाकीवरचा ठराव लिहिणं यांत सदस्यांना फारसा फरक वाटत नाही. आणि खरं सांगायचं तर ठराव जास्त लोक वाचतात. तर इतिवृत्त म्हटलं की विषयांना क्रमांक आले. एक आकडा लिहिला, टिंब दिलं, जागा सोडली, की ओळ स्वतःहून उजवीकडे सरकते. सरकू द्या. पहिला विषय लिहून एंटर मारला की पुढचा आकडा हजर. इथवर बरं वाटतं, कुणीतरी आपली वाट पाहत होतं असं वाटतं. मग त्या विषयाखाली ठराव येतो, ठरावाखाली सूचक, त्याखाली अनुमोदक. एंटर मारताच ‘सूचक’ हा तिसरा विषय होतो आणि ‘अनुमोदक’ चौथा. आकडा काढून टाकला तर पुढच्या विषयांची मोजणी पुन्हा एकपासून. सलग करायला गेलं, तर मागच्या पानावरची कधीच संपलेली यादी जागी होते आणि ‘लिफ्टच्या देखभालीचा करार’ हा एकदम विषय क्रमांक सतरा ठरतो.

यातली खरी मेख अशी की आपण टंकलेला आकडा आपला असतो, खोडता येतो. त्यानं घातलेला आकडा हे अक्षरच नव्हे. कर्सर त्याच्या डाव्या बाजूला जात नाही, आत शिरत नाही. आकडा दिसतो, छापलाही जातो, पण त्याला हात लावता येत नाही. आमच्या सचिवांना हे समजावून सांगताना माझी दमछाक झाली. निवृत्त बँकवाले ते. त्यांचं म्हणणं, “जो आकडा दिसतो तो खोडता आलाच पाहिजे. सही करून खोडा, पण खोडा.”

हा आगाऊपणा बंद करायचा खटका आहे, नाही असं नाही. पर्यायांत जा, तिथून तपासणीत, तिथल्या एका बटणाआडच्या खिडकीत, आणि त्या खिडकीच्याही दुसऱ्या पानावर. याहून सोपी युक्ती मला एका शाळकरी मुलीनं दाखवली : त्यानं परस्पर काही केलं रे केलं की लगेच कंट्रोल-झेड. तेव्हा आपलं लिहिलेलं जात नाही, फक्त त्याची लुडबुड मागे जाते. मी हल्ली दर ओळीला ते करतो. डाव्या हाताच्या करंगळीला त्याची सवय झाली आहे. मेंदूला कळायच्या आत ती कामाला लागते.

ज्यांनी नव्वदीच्या आगेमागे कॉम्प्युटरचा क्लास लावला होता त्यांना वर्डस्टार, लोटस, डीबेस हे त्रिकूट आठवत असेल. वर्डस्टार सत्तरच्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत निघालं आणि आपल्याकडच्या गल्लीबोळांतल्या क्लासांत पोचेपर्यंत तिकडे जुनंही व्हायला लागलं होतं. काळ्या पडद्यावर अक्षरं, माउस नाही, काही नाही. एखादा उतारा उचलून दुसरीकडे न्यायचा तर त्याच्या सुरुवातीला कंट्रोल-के-बी, शेवटाला कंट्रोल-के-के, आणि नव्या जागी जाऊन कंट्रोल-के-व्ही. परवचा पाठ करावा तसं हे पाठ करावं लागे. पण एकदा पाठ झालं की सांगाल तेवढंच करायचं. नाही सांगितलं तर पडद्यावर ती छोटी आडवी रेघ लुकलुकत ठेवून स्वस्थ बसायचं. या स्वस्थ बसण्याची किंमत तेव्हा कुणाला कळली नाही. ‘गेम ऑफ थ्रोन्स’ ही मालिका ज्याच्या कादंबऱ्यांवरून निघाली त्या जॉर्ज आर. आर. मार्टिननं २०१४ मध्ये टीव्हीवरच्या एका मुलाखतीत सांगितलं होतं, की तो अजून इंटरनेट नसलेल्या डॉसच्या मशीनवर वर्डस्टार ४.० मध्ये लिहितो, कारण त्याला मदत नको असते. आपण लहान अक्षर टाइप केलं की परस्पर त्याचं मोठं करणारी यंत्रं त्याला खपत नाहीत. लोक हसले. मी मात्र टाळी वाजवली. आपल्या लिपीत लहान-मोठं अक्षर असा भेदच नाही, तेवढा एक छळ पूर्वजांनी वाचवला. बाकीचे सगळे आहेत.

मदतीचा हा सोस कंपन्यांना जुनाच. ऑफिस ९७ मध्ये क्लिप्पी आली. कागद अडकवायची वाकडी तार, तिला बटबटीत डोळे आणि हलणाऱ्या भुवया. कुणी पत्राचा मायना टाइप केला की ती पुढे होऊन विचारायची, पत्र लिहिताय वाटतं, मदत करू का? जगभर लोक तिच्यावर इतके वैतागले की २००१ मध्ये मायक्रोसॉफ्टनंच तिची टर उडवणारी जाहिरात केली, आणि २००७ च्या आवृत्तीत ती राहिलीच नाही. मराठी पत्रापुढे तिचं काय झालं असतं याचा मी कधीकधी विचार करतो. ‘सा. न. वि. वि.’ एवढ्यात तिला चार वाक्यं दिसली असती, आणि चारींत क्रियापद नाही म्हणून तिनं भुवया उंचावल्या असत्या.

क्लिप्पी गेली, लाल रेघ राहिली. नागमोडी, शब्दाच्या पायाशी. इंग्रजी लिहिणाऱ्याला ती अधूनमधून भेटते. मराठी लिहिणाऱ्याचं पानच्या पान लाल होतं. पहिली गोष्ट म्हणजे देवनागरी दिसली की बऱ्याचदा ते हिंदी समजून चालतं, आणि मग ‘आहे’, ‘नाही’, ‘कशाला’ हे सगळेच गुन्हेगार. खाली पट्टीवर जाऊन भाषा मराठी करावी, तर तेवढ्या परिच्छेदापुरती ती मराठी राहते. पुढच्या एंटरला पुन्हा शुद्ध हिंदी. एकदा भाषा नीट बसवली तरी सुटका नाही, कारण शुद्धलेखन तपासणाऱ्याकडे असते शब्दांची यादी, आणि इंग्रजीच्या यादीचं गणित सोपं आहे. टेबलला फार तर एक एस लागतो. आपलं ‘घर’ घ्या. घराला, घरात, घरातला, घरातल्यांनी, घरातल्यांनीसुद्धा, घराशेजारचीच, घरावरूनच तर. एकेका नामाची शेकडो रूपं होतात, सगळी अगदी रोजच्या बोलण्यातली. शिवाय प्रत्यय लागताना मूळ शब्द जागचा हलतो : पाऊस पावसात जातो, फूल फुलांत ऱ्हस्व होतं, मूल मुलांना भेटताना स्वतःचा दीर्घ उकार घरी ठेवून येतं. यादी करणाऱ्या बिचाऱ्यानं किती करावी?

म्हणून मी त्या रेघांवर रागावत नाही. माझा राग आहे तो जिथे रेघ हवी तिथे नसते याचा. संस्थेच्या फलकावर १ मेच्या झेंडावंदनाची सूचना लागली होती. अक्षर ठसठशीत, कागद रंगीत, आणि मथळा : ‘महाराष्ट्र दीन’. ज्या सदस्यानं ती टाइप केली त्याला विचारलं तर म्हणाला, “मशीननं पास केलं होतं, काका.” केलंच असणार. ‘दिन’ यादीत आहे, ‘दीन’ही यादीत आहे. राज्याची परिस्थिती काय आहे हे मशीन ठरवत नाही. दोन दिवस ती सूचना तशीच होती. विरोधी पक्षाला मानणारे एक सदस्य तर म्हणाले, राहू द्या.

इंग्रजीवाल्यांचंही सगळं आलबेल नाही हे ऐकून जरा बरं वाटतं. युरोपियन युनियनच्या कागदपत्रांत, झालंच तर संयुक्त राष्ट्रांच्याही, एकेकाळी भलत्याच ठिकाणी ‘क्युपर्टिनो’ हा शब्द उगवायचा. क्युपर्टिनो हे कॅलिफोर्नियातलं गाव, ॲपल कंपनीचं मुख्यालय तिथे आहे. त्याचा युरोपातल्या राजनैतिक व्यवहाराशी काय संबंध? तर झालं होतं असं की जुन्या काही तपासनिसांच्या यादीत ‘कोऑपरेशन’ हा शब्द मध्ये आडवी रेघ देऊनच लिहिलेला होता. रेघेविना लिहिला की चूक. मग त्याच्या जवळपासचं काय सुचवावं, तर पहिलं नाव क्युपर्टिनोचं. घाईतल्या कारकुनानं ‘ठीक’ दाबलं की देशादेशांमधल्या सहकार्याच्या जागी कॅलिफोर्निया. अनुवादकांनी या प्रकाराला नावच ठेवलं, क्युपर्टिनो इफेक्ट.

हे वाचल्यावर मी आधी कपाटातून आमच्या संस्थेच्या नोंदणीचं प्रमाणपत्र काढलं. सहकाराच्या बाबतीत महाराष्ट्रानं काही कच्चं ठेवलेलं नाही. आपला सहकारी संस्थांचा अधिनियम १९६० चा. त्याच्या इंग्रजी नावात ‘को’नंतर आडवी रेघ आहे, ठळक. साखर कारखान्यांपासून आमच्या बारा बिऱ्हाडांच्या इमारतीपर्यंत सगळे त्या एका रेघेमुळे वाचले. नाहीतर आम्ही क्युपर्टिनो हाउसिंग सोसायटीचे सभासद म्हणून मालमत्ता कर भरत बसलो असतो. आणि पालिकेनं तो घेतलाही असता.

देवनागरीचं दुखणं त्याहून जुनं. युनिकोड रुळायच्या आधी प्रत्येक मराठी फॉन्टचा कारखाना वेगळा होता. रोमन अक्षरांच्या जागांवर मराठी अक्षरांची चित्रं बसवलेली, आणि कुठलं चित्र कुठे बसवायचं ते ज्यानं त्यानं आपापलं ठरवलेलं. त्यामुळे एका मशीनवर लिहिलेला अग्रलेख दुसऱ्या मशीनवर उघडला की डॉलर, कंस, टोपी घातलेले स्वर आणि मध्येच एखादं पौंडाचं चिन्ह. मजकूर गेलेला नसायचा. होता तसाच असायचा, फक्त वाचता यायचा नाही. माझ्याकडच्या जुन्या सीडींत असे कितीतरी लेख आहेत. त्यांतला एक तरी चांगला असेल असं मी धरून चालतो. उलट सिद्ध करणं कुणालाच शक्य नाही.

युनिकोड आलं आणि पुष्कळ सुधारलं, हे मान्य केलंच पाहिजे. विंडोजबरोबर ‘मंगल’ फॉन्ट आला. तो कवी आणि सुलेखनकार र. कृ. जोशी यांच्या हातचा, म्हणजे आपल्या अक्षरांवर आयुष्य घालवलेल्या माणसाचा. पण नव्या घरातही एकेका अक्षराला आपली खोली मिळायला वेळ लागला. ‘ॲ’ला युनिकोडमध्ये स्वतःची जागा २००८ मध्ये मिळाली. तोपर्यंत लोक ‘अ’ लिहून वर चंद्र चढवायला जायचे, आणि चंद्र काही केल्या चढायचा नाही. तो शेजारी जाऊन ठिपक्यांच्या वर्तुळावर बसायचा. ॲडमिशन, ॲम्ब्युलन्स, ॲसिडिटी, सगळ्यांच्या कपाळी ते ठिपक्यांचं वर्तुळ. अजूनही जुन्या फाइलींत ते सापडतं. ‘ल’ आणि ‘श’चं तर वेगळंच. राज्य शासनानं ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयात पाकळीचा ‘ल’ आणि देठाचा ‘श’ हीच मराठीची रूपं असं स्पष्ट म्हटलं. शाळेत मुलं तीच गिरवतात, आणि घरी येऊन पडद्यावर बहुतेक वेळा दुसरीच बघतात.

या सगळ्याचा एकत्रित अनुभव घ्यायचा असेल तर स्मरणिका काढावी. आमच्या शाळेच्या अमृतमहोत्सवाची आम्ही काढली. खर्च वाचवायचा म्हणून समितीनं ठरवलं की पानं घरच्या घरीच लावू, सॉफ्टवेअर आहेच. मजकूर लागला, छायाचित्रं लागली, सगळे खूश. मग मुख्याध्यापकांना आपल्या मनोगतात दोन ओळी वाढवाव्याशा वाटल्या. दोनच ओळी. आता त्या सॉफ्टवेअरमध्ये छायाचित्र पानावर चिकटवलेलं नसतं, ते एखाद्या परिच्छेदाला बांधलेलं असतं. कडेला नांगराची बारीकशी खूण दिसते, ती दिसावी अशी व्यवस्था असेल तर. परिच्छेद ढळला की चित्र निघालं त्याच्यामागे. मनोगतात दोन ओळी शिरल्या आणि तिसाव्या पानापर्यंत सगळी छायाचित्रं प्रवासाला निघाली. क्रीडास्पर्धेतला उंच उडीवाला मुलगा ताळेबंदावरून उडी मारून गेला. बालवाडीच्या बाई माजी विद्यार्थ्यांच्या कबड्डी संघात उभ्या राहिल्या. आणि प्रमुख पाहुण्यांचं प्रसन्न, हसरं छायाचित्र ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ या मथळ्याखाली जाऊन स्थिरावलं.

हे आमच्यापैकी कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण आम्ही मुद्रितं वाचत होतो, चित्रं बघत नव्हतो. शेवटी पानं घेऊन आम्ही डीटीपीच्या ताईंकडे गेलो, हे जरा सरळ करून द्या म्हणून. ताईंनी चष्मा लावला, पानं उलटली, एका पानावर थांबल्या.

“सर, पाहुणे गेले?”

“नाही हो. कार्यक्रम पुढच्या महिन्यात आहे. येऊन मग जातील.”

ताईंनी काही न बोलता पान माझ्याकडे फिरवलं.

मग त्यांनी सगळं पेजमेकरमध्ये घेतलं. पेजमेकरची शेवटची आवृत्ती २००१ ची. त्यानंतर कंपनीनं त्याचा नाद सोडला, पण छोट्या गावांतल्या छापखान्यांनी सोडलेला नाही. त्यात चित्र जिथे ठेवाल तिथे राहतं. एवढ्या एका गुणावर ते इतकी वर्षं टिकलं आहे. अडचण अशी की त्याला युनिकोड कळत नाही. त्यामुळे आमचा मजकूर कन्व्हर्टरमधून काढून जुन्या फॉन्टात न्यावा लागला, आणि त्या गाळणीत नेमका अडकला तो मराठीचा खास ‘ऱ्य’. दुसऱ्या, बिचाऱ्या, किनाऱ्यावर यांतला चंद्रकोरीसारखा अर्धा ‘र’ गळला आणि त्याचा रफार होऊन पुढच्या अक्षराच्या डोक्यावर बसला. ताई सराईत. शोधून शोधून एकेक दुरुस्त करत गेल्या. एक मात्र निसटलं, कारण ते रफारासहितही अगदी बरोबर दिसत होतं. स्मरणिकेच्या शेवटी ऋणनिर्देशात आम्ही लिहिलं होतं, की तिन्ही दिवस रुचकर भोजन देणाऱ्या आचाऱ्यांचे आम्ही आभारी आहोत. छापून आलं, ‘आचार्यांचे’. संस्कृतच्या निवृत्त शिक्षकांना शाळेत सगळे आचार्य म्हणायचे. त्यांनी समारंभात मला बाजूला घेऊन सांगितलं की मी फक्त कोशिंबीर वाढली होती.

छायाचित्रं, ‘ऱ्य’, लाल रेघ हे सगळं एकवेळ चालेल. पण शेवटचं कोरं पान मला समजत नाही, म्हणजे त्याचं कारण कळूनही समजत नाही. मजकूर तक्त्यानं संपला आणि तक्ता पानाच्या तळाला टेकला, की त्यापुढे एक कोरं पान येतं आणि पुसता पुसत नाही. कारण, तक्त्यानंतर एक तरी रिकामा परिच्छेद असलाच पाहिजे असा त्या सॉफ्टवेअरचा नियम आहे. तो परिच्छेद वर मावत नाही म्हणून खालच्या पानावर उतरतो. काही न लिहिलेला परिच्छेद, आणि त्याला स्वतंत्र पान. आमच्या कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्यानं याची सवय करून घेतली आहे. “काका, मागचं कोरं पान काढू की राहू दे?” असं तो प्रत्येकाला विचारतो, आणि पैसे दोन्ही वेळा तेवढेच घेतो. कर्सर त्या रिकाम्या परिच्छेदावर नेऊन अक्षराचा आकार एक करायचा, की तो वर जातो, हे मला त्यानंच शिकवलं. एक आकाराचं, न लिहिलेलं अक्षर. अध्यात्मात याला काही नाव असेल.

आता नवीन आवृत्ती आली आहे. कोपऱ्यात एक चमचमणारं बटण असतं आणि कोऱ्या पानावर फिकट अक्षरांत प्रश्न असतो, काय लिहायचं आहे ते सांगा, मी लिहून देऊ का? क्लिप्पी निदान पत्र लिहायला घेतल्यावर विचारायची. हे आपण बसायच्या आत विचारतं. मी बटणाकडे बघत नाही. आमच्या सचिवांना मात्र त्याचा फार लळा लागला आहे. त्यात ‘सूर’ निवडता येतो : औपचारिक, मैत्रीपूर्ण, उत्साही.

गेल्या सर्वसाधारण सभेत पार्किंगचा विषय निघाला तेव्हा दोन सदस्य एकमेकांच्या अंगावर धावून गेले. एकानं दुसऱ्याच्या तीर्थरूपांचा उल्लेख केला, दुसऱ्यानं पहिल्याच्या गाडीच्या हप्त्यांचा. तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींनी खुर्ची मध्ये घातली म्हणून निभावलं. मी हे सगळं जपून, पण जसं घडलं तसं लिहून सचिवांकडे पाठवलं. त्यांनी ते बटणातून काढलं. परत आलं ते असं : ‘सभा अत्यंत उत्साही व खेळीमेळीच्या वातावरणात पार पडली. वाहनतळाच्या विषयावर सदस्यांनी आपली मते मोकळेपणाने मांडली व परस्परांच्या कौटुंबिक पार्श्वभूमीबद्दल आस्था व्यक्त केली. महिला सदस्यांचा सक्रिय सहभाग विशेष उल्लेखनीय होता.’ मी म्हटलं, हे जाऊ देणार? सचिव म्हणाले, “खोटं काय आहे त्यात, दाखवा.”

पुढच्या सभेत विषय क्रमांक एक नेहमीप्रमाणे, मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. आमच्याकडे या विषयाला तास जातो. मी असं म्हणालोच नव्हतो, हे आधी घ्या, ते नंतर घ्या, शब्द बदला. सचिवांनी खणखणीत आवाजात वाचलं. खोली शांत. ते दोघे एकमेकांकडे बघत राहिले. मग एकानं हात वर करून कायम करण्याचा ठराव मांडला, आणि दुसऱ्यानं अनुमोदन दिलं. सर्वानुमते मंजूर. त्यानंतर पार्किंगचा विषय निघाला, आणि त्याचं इतिवृत्त मला अजून लिहायचं आहे.